वार पुढे आहे

दगडखाणीच्या वस्तीत तिला सगळे घाईबाई म्हणत. तिचं खरं नाव दवाखान्याच्या पाटीवर रंगवलेलं होतं, पण क्रशरची धूळ बसून बसून ते दिसेनासं झालं होतं आणि पाटी पुसायला तिला सवड नव्हती. बाळंतपणं करणारी नर्स म्हणजे घाईबाई, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती चालायची घाईत, जेवायची घाईत आणि बोलायची तर इतक्या घाईत, की वाक्याचा शेवट बहुधा तिच्या तोंडातच राहायचा. "गोळी जेवल्यावर, पाणी भरपूर, पाय वर," एवढं टाकून ती पुढच्या बाईकडे वळलेली असे. तिचा नवरा खाणीच्या ट्रकांची पंक्चरं काढायचा. तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्या हिनं लग्नाला 'हो, पण' असा होकार दिला होता. 'पण'च्या पुढचं ऐकायचं अजून राहिलंय."

या घाईचं मूळ काळजीत होतं. काळजी करणं हा तिचा जोडधंदाच म्हणा ना. वस्तीतली प्रत्येक गरोदर बाई तिच्या डोक्यात बिऱ्हाड करून असायची. जेवताना ती मध्येच घास हातात धरून थांबायची. नवरा विचारायचा, "आता कोण?" ती म्हणायची, "चढावरची. पायाला सूज." मग तो मुकाट्यानं आपली भाजी तिच्या ताटात सरकवायचा, कारण तिची भाजी तोवर गार झालेली असे.

काळजीला कारणही होतं. ती नवीन असताना एक बाई शहराच्या रस्त्यावर, ट्रकच्या केबिनमध्ये रक्त जाऊन गेली होती. ना कळ, ना ओरडा, नुसतं रक्त. मागाहून मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की बाळाला पोसणारी वार गर्भपिशवीच्या तोंडावरच बसली होती. बाळ बाहेर यायच्या वाटेवर आधी वार आडवी. अशीला कळा सुरू व्हायच्या आत ऑपरेशनच करावं लागतं. घाईबाईनं त्या बाईचं पोट स्वतःच्या हातांनी तपासलं होतं. डोकं कुठे, पाठ कुठे, हे तिचे हात बिनचूक सांगायचे. वार कुठे आहे, हे कुणाच्याच हाताला कळत नाही. तेव्हापासून कुठल्याही पोटावर हात ठेवला, की तिला ती केबिन आठवायची.

आणि मग ते यंत्र आलं. डब्याच्या पिशवीएवढी पिशवी, आत दाढीच्या मशीनएवढा एक दांडा, त्याची वायर फोनहून जरा मोठ्या पडद्याला जोडायची, की पोटातलं चित्र समोर. ते वापरायला शिकण्यासाठी तिला शहरातल्या हॉस्पिटलात पाठवलं. पहिले काही दिवस तिला पडद्यावर चुलीच्या धुराशिवाय काही दिसेना. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, सगळं बघायला जाऊ नका. चारच गोष्टी बघा. बाळ एक की दोन, हृदय चालतंय का, डोकं खाली आहे का, आणि वार कुठे आहे. शंका आली की मला चित्र पाठवा." पाचवी गोष्ट, म्हणजे मुलगा की मुलगी, ना बघायची ना सांगायची, असा नियम होता. वस्तीतल्या बायका तरी विचारायच्याच, "काय आहे हो बाई?" घाईबाई सांगायची, "माणूस."

लोकांना वाटलं, आता हिची काळजी मिटेल. कसची मिटते! पूर्वी दिसत नव्हतं म्हणून घाबरायची, आता दिसतं म्हणून घाबरू लागली. पडद्यावर एखादी सावली चुकीच्या जागी दिसली की ती दांडा पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवत राहायची. यंत्र फक्त दाखवतं, करत काहीच नाही. पुढचं सगळं आपल्यालाच करायचं असतं, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

वस्तीच्या तोंडाशी ट्रकांचा वजनकाटा होता आणि काट्याला लागून एका मावशीची चहाची टपरी. मावशीचा मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे घरी ती आणि सून, दोघीच. सून दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिल्या वेळी ऑपरेशन झालेलं, ते मूल आता शाळेत जात होतं. या खेपेलाही बाळंतपण शहरातच करायचं, हे घरात पहिल्यापासून ठरलेलं होतं. मावशी तशी सुनेला फुलासारखी जपायची. फक्त दाखवायची नाही. "काम केलं तर बाळ सुटसुटीत होतं," असं म्हणत तिला कपबशा विसळायला लावायची, आणि जड पातेलं मात्र स्वतः उचलायची.

सून तपासायला आली तेव्हा सातवा महिना सरत आला होता. पोटावर गार जेल पडल्याबरोबर ती खुदकन हसली. घाईबाईनं हृदय दाखवलं, डोकं दाखवलं, आणि दांडा खाली सरकवला. तिथे, पिशवीच्या तोंडावर, करड्या स्पंजासारखं काहीतरी पसरलं होतं. लघवीची पिशवी भरलेली असली की वार उगाच खाली दिसते, हे तिला शिकवलं होतं. म्हणून तिनं पोरीला मोकळं होऊन यायला सांगितलं आणि पुन्हा बघितलं. स्पंज जागचा हलला नव्हता.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. डॉक्टरांना दाखवते. मग सांगते." पोरीला उगाच घाबरवायला नको, म्हणून तिनं पडदा आपल्याकडे वळवून घेतला. सून गेल्यावर तिनं चित्रं पाठवली. डॉक्टरीणबाईंचा फोन लगेच आला. वार पूर्ण तोंडावर आहे. आजउद्याच इकडे आणा, बाळंतपण होईपर्यंत इथेच ठेवू. घरी रक्त जायला लागलं तर हाताशी वेळ राहणार नाही.

घाईबाई तशीच टपरीवर गेली. क्रशर चालू होता, काट्यावर दोन ट्रक गुरगुरत होते आणि मावशीच्या हातात उकळतं पातेलं. अशा गलक्यात घाईबाई जे बोलली ते तिच्या नेहमीच्या पद्धतीनं बोलली.

"मावशी, सुनेला तपासलं, वार पुढे आहे! शहरात न्यावं लागेल!"

मावशी पातेल्यावरून ओरडली, "वार पुढे आहे ना? मग बरं झालं! नेऊ की!"

घाईबाईनं ऐकलं ते असं: बरं झालं, वेळेवर कळलं, नेऊ. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मावशी शब्दाची पक्की बाई, न्यायचं म्हणाली म्हणजे नेणार. त्या दिवशी तिनं भाजी गरम असतानाच खाल्ली, आणि नवऱ्यानं आश्चर्यानं विचारलं, "आज कुणीच नाही का?"

पुढचे काही दिवस ती खाणीपलीकडच्या वस्त्यांत लसीकरणाला जात होती. तिथे एका बाईचा रक्तदाब चढलेला सापडला, म्हणून तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बोलणं संपता संपता सहज विचारलं, "आमची ती टपरीवाल्या मावशींची सून कशी आहे?"

"कोण? वार पुढे असलेली? ती आलीच नाही, सिस्टर. मला वाटलं, तुम्ही दुसरीकडे पाठवलीत."

बर्फाच्या डब्यातल्या लसी मदतनीस बाईच्या हवाली करून घाईबाई उतारावरून धावत सुटली. धावताना एकच विचार: घरी आहे. इतके दिवस घरी आहे. तिच्या डोळ्यांपुढे ट्रकची ती केबिन आली आणि जाता जाईना.

टपरीवर मावशी निवांत बसली होती. "या, बाई. चहा टाकू?"

"मावशी, सून कुठे आहे? शहरात का नाही नेली?"

"अहो, नेऊ की. घाई कसली? तुम्हीच म्हणालात, वार पुढे आहे. आता कुठला वार ते काही तुम्ही बोलला नाहीत, सोमवार की गुरुवार. मी म्हटलं, जवळ आला की सांगतीलच बाई."

ध चा मा झाला असता तर निदान अक्षराला दोष देता आला असता. इथे अक्षर न अक्षर जागच्या जागी होतं. तिनंच उच्चारलेलं वाक्य, जसंच्या तसं, मावशीनं विश्वासानं जपून ठेवलं होतं.

"मावशी, तो वार नाही हो! ती वार! ती!"

"ती कोण?"

"बाळाबरोबर पोटातून पडते ती! ती वाटेवर बसलीय, बाळाच्या पुढे. आधी ती सुटली तर रक्त..." पुढचं तिच्या तोंडातून निघेना, आणि या खेपेला ते घाईमुळे नव्हतं.

मावशीला सगळं कळलं होतं की नव्हतं कोण जाणे, पण घाईबाईच्या चेहऱ्यावरून जेवढं कळायचं तेवढं कळलं. ती टपरी उघडी टाकून घराकडे पळाली. आयुष्यात तिनं गल्ला असा उघडा सोडला नव्हता.

सून मागच्या दाराशी कपडे धूत होती. दोघींना धावत येताना बघून ती घाबरून उभी राहिली. घाईबाईनं विचारलं, "रक्त? कधी थोडंसुद्धा?"

सुनेनं सासूकडे बघितलं आणि मान खाली घातली. "काल जरासं गेलं होतं. सकाळी पुन्हा. पण दुखलं नाही अजिबात. दुखत नाही म्हटल्यावर कशाला सांगायचं, म्हणून..."

त्या ट्रकमधल्या बाईलाही दुखलं नव्हतं. घाईबाईनं नवऱ्याला फोन लावला. "गाडी आण. कुठलीही. मावशींच्या घरी." नवऱ्यानं एक प्रश्न विचारला नाही. कुणाच्यातरी टेम्पोचं चाक त्यानं नुकतंच बसवलं होतं, तोच घेऊन तो आला. "मालकाला मागाहून सांगू," एवढंच म्हणाला. मागे गादी टाकून सुनेला डाव्या कुशीवर निजवलं. उशाला सासू, शेजारी यंत्राची पिशवी पोटाशी धरून घाईबाई.

टेम्पो वस्तीबाहेर पडला आणि खिंडीच्या तोंडाशी थांबला. रस्त्यावर लाल निशाण आणि निशाणवाला. कड्यात सुरुंग भरले होते.

"उघड रे बाबा!" घाईबाईचा नवरा ओरडला. "आत गरोदर बाई आहे!"

निशाणवाला धावत खिडकीशी आला. तोही वस्तीतलाच, त्याची दोन्ही मुलं घाईबाईच्याच हातची. रडवेला होऊन म्हणाला, "बाई, वाती पेटल्यात. मी सोडलं तर दगड तुमच्यावर येतील. उडाले की लगेच सोडतो. माझ्या हातात नाही हो."

खरंच कुणाच्याच हातात नव्हतं. भोंगा वाजत राहिला. सुनेच्या अंगाखालच्या चादरीवर डाग पसरत होता. मघा वाटीएवढा होता, आता ताटलीएवढा झाला. तिच्या ओठांचा रंग उतरला. घाईबाईनं आत हात घालून तपासायचं नव्हतं, तसं केलं तर वार फाटली असती. कळा येत नव्हत्या, म्हणून जोर लावायला सांगायचा प्रश्न नव्हता. करण्यासारखं काही म्हणजे काहीच नव्हतं, आणि हात नुसते मांडीवर ठेवणं तिला सोसवेना. तिनं पिशवी उघडली आणि दांडा पोटावर टेकवला. पडद्यावर धूर हलला, विरला, आणि मधोमध एक बारीकसा ठिपका फडफडताना दिसला.

"चालतंय?" सुनेनं विचारलं.

"चालतंय. हे बघ. तू बघ." यावेळी तिनं पडदा पोरीकडे वळवला. "याच्याकडे बघत राहा. बोलू नकोस."

सासूही वाकून बघू लागली. तिनं आजवर यंत्रात काही बघितलं नव्हतं. "हे एवढंसं?" ती म्हणाली आणि सुनेच्या कपाळावरून हात फिरवू लागली. फिरवतच राहिली. "अगं, मला सांगायचं नाहीस का, रक्त गेलं म्हणून? मी काय खाल्लं असतं का तुला?"

कडा फुटला. टेम्पोच्या पत्र्यावर खडे आपटले. तो फडफडणारा ठिपका एकदम जोरात धावू लागला, जणू आवाज त्यालाही पोचला होता. निशाण खाली आलं. धूळ बसायची वाट न बघता घाईबाईच्या नवऱ्यानं टेम्पो खिंडीत घातला.

शहराच्या वाटेवर ठिपका दोनदा मंदावला. दोन्ही वेळा घाईबाईनं चेहरा कोरा ठेवला, कारण सुनेची नजर पडद्यावरून उठून सारखी तिच्या चेहऱ्यावर यायची. ती फोनवर डॉक्टरीणबाईंना सांगत होती. आज ती एकही वाक्य अर्धं टाकत नव्हती. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर उभं होतं. सुनेला आत नेलं तेव्हा तिची बोटं सासूच्या हातातून सोडवावी लागली.

मग बाकावर बसणं. रक्त कमी पडलं, घाईबाईचा नवरा रक्त देऊन आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मावशी एकटक दाराकडे बघत होती. घाईबाई तिच्यापासून हातभर लांब बसली होती. जवळ बसायचं धाडस होईना. मावशीनं एक शिवी दिली असती तरी तिला हलकं वाटलं असतं.

आधी बाळाचं रडणं ऐकू आलं. किरकिरं, पण रडणं. मावशी उठली, पुन्हा बसली. दार उघडेना. परिचारिका रक्ताच्या पिशव्या घेऊन आत जात होत्या आणि कुणाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हत्या. घाईबाईला या चालण्याचा अर्थ कळत होता. बाळ आलंय आणि आईचं रक्त थांबत नाहीये. तिनं हे मावशीला सांगितलं नाही. सांगावं की नाही, या विचारात तिची नखं बाकाच्या कडेत रुतली.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. थकलेल्या होत्या. त्यांनी घाईबाईला बाजूला घेतलं. बाळ लहान आहे, पेटीत ठेवलंय, पण तगेल असं दिसतंय. आई वाचली. मात्र वार जुन्या टाक्यांच्या जागी रुतून बसली होती, रक्त कशानं थांबेना, गर्भपिशवी काढावी लागली. "मला परत आत जायचंय. तुम्ही सांगाल ना त्यांना?"

"डॉक्टर," घाईबाईनं विचारलं, "मी सांगितलं त्याच दिवशी आली असती, तर पिशवी वाचली असती?"

"कदाचित. कदाचित नाहीही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही, सिस्टर."

घाईबाई बाकावर येऊन बसली, आता मावशीच्या अगदी शेजारी. तिला पळून जावंसं वाटत होतं. तिनं मावशीचा हात हातात घेतला आणि एकेक वाक्य पुरं करत सगळं सांगितलं. बाळाचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, पिशवीचं सांगितलं. मग डॉक्टरांना आपण काय विचारलं आणि त्या काय म्हणाल्या, तेही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं. सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

"मावशी, काय कळलं ते मला एकदा परत सांगा."

मावशी एकेक बोट दुमडत बोलू लागली. "बाळ आहे. सून आहे. पिशवी नाही, म्हणजे तिला आता पुन्हा मूल नाही. आणि तुम्ही सांगितलंत तेव्हाच आणली असती तर वाचली असती." ती थांबली. "कदाचित."

"हो. कदाचित."

"कदाचित," मावशी पुन्हा म्हणाली. चव घेऊन बघावी तसा तिनं तो शब्द तोंडात घोळवला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं तळहातानं पुसलं आणि घाईबाईकडे न बघता म्हणाली, "शुद्धीवर आली की तिला हे मी सांगणार. सगळं. कदाचितसकट. तुम्ही शेजारी उभ्या राहा, बाई. माझ्याकडून काही सुटलं, तर तिथल्या तिथे टोका."